अमेरिकेची उधारी आणि हॅमिल्टनची भानगड

"त्या हॅमिल्टनला काही लाज होती की नाही गं?"

काकूंचं हे असंच. कुंपणाच्या फळीवर कोपर टेकलं की विषय सुरू. प्रस्तावना नाही की नमस्कार-चमत्कार नाहीत. मी मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. म्हटलं, गल्लीत कुणी नवीन राहायला आलंय की काय.

"कुठला हॅमिल्टन, काकू? कोपऱ्यावरच्या घरातला?"

"कोपऱ्यावरचा कशाला असेल? दहा डॉलरच्या नोटेवरचा!"

काकू मूळच्या तासगावच्या. उन्हाळ्यात इथं न्यू जर्सीत मुलाकडे येतात. यंदा सुनेची नागरिकत्वाची मुलाखत आहे आणि तिला अमेरिकेचा इतिहास, राज्यकारभार यांवर तोंडी प्रश्न विचारणार आहेत. सून सकाळी गाडी पकडून ऑफिसला पळते, म्हणून अभ्यास काकूंनी अंगावर घेतला. सरकारी पुस्तिका केव्हाच पाठ झाली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा आता गावच्या वाचनालयातून जाडजूड चरित्रं घरी येऊ लागलीयत. काकूंची सगळी नोकरी एका पतपेढीच्या वसुली खात्यात गेली. समोर कुणीही येवो, त्या आधी बघतात, याचं येणं किती आणि देणं किती.

"हॅमिल्टनकडं येते नंतर," काकू म्हणाल्या. "आधी मुळातून ऐक. पुस्तिकेत एक प्रश्न आहे, वसाहतवाले इंग्रजांशी का लढले? उत्तर काय, तर संसदेत आमचा माणूस नाही आणि कर मात्र आम्ही भरायचा. ठीक आहे. सून एवढं सांगेल आणि सुटेल. पण इंग्रजाला कर लावायची बुद्धी का झाली, ते विचार की."

"का झाली?"

"डोक्यावर कर्ज! फ्रेंचांशी सात वर्षं लढले, 1763 ला जिंकले आणि हिशेबाला बसले तर सरकारचं देणं जवळजवळ दुप्पट झालेलं. म्हणून 1765 चा मुद्रांक कर. कोर्टाच्या कागदाला, वर्तमानपत्राला, अगदी पत्त्यांच्या कॅटलासुद्धा. बोंबाबोंब झाली, वर्षभरात मागं घ्यावा लागला. मग आला चहा. बोस्टनवाल्यांनी चहा समुद्रात का ओतला, सांग बघू?"

"महाग केला म्हणून."

"चूक! स्वस्त केला म्हणून."

मी पाण्याची नळी खाली ठेवली. काकूंना हवं होतं तेच.

"ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती. लंडनच्या गोदामांत दीड कोटी रत्तलांच्या वर चहा पडून. आता एवढं मोठं कर्जदार खातं बुडू देतील होय? सरकारनं 1773 ला सवलत दिली, कंपनीनं थेट अमेरिकेत माल विकावा, इंग्लंडातली जकात माफ. फक्त रत्तलामागं तीन पेन्सचा जुना कर तिथं भरायचा. एवढं करूनही चहा पहिल्यापेक्षा स्वस्तच पडणार होता. पण तो घेतला की कर कबूल केल्यासारखं. आणि खरी मेख वेगळीच. बोस्टनचे मोठमोठे व्यापारी डच चहा चोरून आणून विकत होते, त्यांचा धंदा बसणार होता. 16 डिसेंबरच्या रात्री 342 पेट्या पाण्यात. चहा चीनचा, कंपनी लंडनची, नुकसान कुणाचं आणि देशभक्ती कुणाची! यावर इंग्रजांनी काय केलं? बोस्टनचं बंदरच बंद. कुठवर? कंपनीला चहाची भरपाई मिळेपर्यंत. म्हणजे वसुलीची नोटीसच की ती."

"आणि त्यावरून युद्ध."

"त्यावरून युद्ध. आता तारखा लक्षात ठेव. याच कंपनीच्या मुंबईकरांनी मार्च 1775 मध्ये सुरतेला आपल्या राघोबादादाशी तह केला. पुढच्याच महिन्यात तिकडं लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या. इंग्रज इकडं बोस्टन-न्यूयॉर्कला लढतोय आणि तिकडं 1779 च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांपुढं हात टेकतोय. मराठ्यांशी सालबाईचा तह 1782 ला, अमेरिकेशी पॅरिसचा 1783 ला. आम्हाला शाळेत दोन्ही शिकवलं, पण एक सातवीत आणि एक नववीत. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं हे कुणी सांगितलंच नाही बघ."

"आणि काकू, तो कॉर्नवॉलिस..."

"थांब, तो माझा आवडता आहे. यॉर्कटाउनला ऑक्टोबर 1781 मध्ये शरण यायची वेळ आली तर हा म्हणतो, मला बरं नाही! तलवार द्यायला हाताखालच्या ओहाराला पाठवलं. ओहारा आधी फ्रेंच सेनापतीकडं वळला, फ्रेंचांनी वॉशिंग्टनकडं बोट दाखवलं. वॉशिंग्टनही काही कमी नाही. तो म्हणाला, दुय्यम आला असेल तर माझा दुय्यम बघेल, आणि लिंकन नावाच्या सरदाराला पुढं केलं. हा लिंकन लक्षात ठेव, पुढं लागणार आहे."

"अब्राहम?"

"नाही गं, हा बेंजामिन. एवढं मोठं राज्य घालवून आलेल्या कॉर्नवॉलिसला घरी बसवलं असेल असं वाटतंय ना? पाच वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल! तिथं टिपूशी लढला तेव्हा याच्या बाजूला कोण होतं? हरिपंत फडके आणि आमचे परशुरामभाऊ पटवर्धन. आमच्या तासगावचं गणपतीचं देऊळ बांधलं ते परशुरामभाऊ. म्हणजे वॉशिंग्टनपुढं यायला ज्याला बरं नव्हतं, तो आमच्या भाऊंच्या शेजारी ठणठणीत उभा होता."

काकूंच्या चेहऱ्यावर तासगाव संस्थानचा सगळा मान आला होता. मी विचारलं, "पण मग इंग्रज गेल्यावर इथं सगळं सुरळीत झालं?"

"डोंबल! 1781 ला जे पहिलं संघराज्य झालं ना, ते म्हणजे 13 बिऱ्हाडांची सोसायटी. मेंटेनन्स मागता येईल, पण द्यायची सक्ती नाही. नियम बदलायचा तर तेराच्या तेरा सह्या पाहिजेत. आणि प्रत्येक सोसायटीत एक असतोच, जो सही देत नाही. इथं ते ऱ्होड आयलंड. परदेशी मालावर शेकडा पाच जकात बसवू आणि कर्ज फेडू असं ठरत होतं, हे एवढंसं राज्य अडून बसलं आणि सगळं मुसळ केरात."

"आणि लढलेल्या शिपायांचे पगार?"

"थकले. काँग्रेसनं नोटा छापल्या होत्या, 1781 पर्यंत त्यांना बाजारात कुणी हात लावेना. शेवटी जून 1783 मध्ये चिडलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात काँग्रेसची इमारतच घेरली. बंदुका घेऊन, बरं का. काँग्रेसनं पेन्सिल्व्हेनिया सरकारला सांगितलं, आमचं रक्षण करा. सरकार म्हणालं, बघू. मग देशाची सगळी काँग्रेस गाठोडं बांधून पळाली. कुठं, माहितीय? आपल्या इथं! प्रिन्स्टनला. कॉलेजच्या नॅसाउ हॉलमध्ये चार महिने देशाची राजधानी होती. पुढं घटनेत राजधानीसाठी कुठल्याच राज्यात नसलेली वेगळी जागा ठेवली ती या धसक्यानं. तिथल्या रहिवाशांना राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचा हक्क मिळाला थेट 1961 ला. शिपायांचा पगार थकला 1783 ला आणि भोगलं कुणी बघ."

इतक्यात काकूंच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. त्यांनी तिकडं बघितलंही नाही, फक्त "दुसरी" म्हणाल्या आणि पुढं सुरू.

"आता डॅनियल शेज. मॅसॅच्युसेट्सचा. लढाईत कॅप्टन होता, लाफाएत नावाच्या फ्रेंच सरदारानं त्याला तलवार भेट दिलेली. घरी आला तर कर्ज, शेवटी ती तलवारही विकली. सरकार कर रोखीत मागतंय, नाण्यात, आणि खेड्यात नाणं दिसत नाही. कर कशासाठी? तर बोस्टनच्या ज्या बड्या लोकांनी सरकारी रोखे मातीमोलानं घेऊन ठेवलेत, त्यांचं व्याज द्यायला. जप्तीवर जप्ती. 1786 ला शेतकऱ्यांनी कोर्टंच बंद पाडली. कोर्ट बसलं नाही तर हुकूम निघणार नाही, हुकूम नाही तर जप्ती नाही."

"तुम्ही कुणाच्या बाजूनं, काकू? जन्मभर वसुली केलीत."

काकू जरा थांबल्या. "केली म्हणूनच सांगते. ज्याच्याकडं गोठा आहे, जमीन आहे, पण हातात रोकड नाही, त्याच्याकडं रोखच पाहिजे म्हणून बसलं की वसुली होत नाही, त्याचं नुसतं वाटोळं होतं. आम्ही हंगाम बघून जायचो. यांनी हंगाम बघितला नाही. वर बंड मोडायला सरकारकडं दमडी नाही. मग बोस्टनच्या सावकारांनीच वर्गणी काढून फौज उभी केली, आणि सेनापती कोण? तो तलवार घेतलेला लिंकन. जानेवारी 1787 ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावरच्या पहारेकऱ्यांनी तोफ डागली, शेजची चार माणसं मेली. बंड संपलं. पण देशभरचे धनको असे हादरले की मे महिन्यात सगळे फिलाडेल्फियाला हजर."

"घटना लिहायला."

"लिहायला म्हणून नाही हं. जुनी दुरुस्त करायला म्हणून बोलावलं आणि दार लावून नवीनच लिहून काढली. 55 माणसं, भर उन्हाळा, खिडक्या बंद, दारावर पहारा. बाहेर अवाक्षर सांगायचं नाही. ऱ्होड आयलंडनं माणूसच पाठवला नाही, हे तर तुला सांगायला नकोच. त्यात एक जॉर्जियाचा पियर्स होता, त्यानं लिहून ठेवलेली गंमत ऐक. चर्चेच्या ठरावांचा एक कागद कुणाच्या तरी हातून दाराबाहेर पडला. तो सापडला मिफ्लिन नावाच्या प्रतिनिधीला, त्यानं नेऊन दिला अध्यक्ष वॉशिंग्टनकडं. वॉशिंग्टननं दिवसभर खिशात ठेवला. संध्याकाळी उठता उठता म्हणाला, हे बाहेर गेलं तर वर्तमानपत्रवाले लोकांची शांतता घालवतील. कागद टेबलावर टाकला, ज्याचा असेल त्यानं घ्यावा म्हणाला, मान लववली, टोपी घेतली आणि चालता झाला. सगळ्यांची पाचावर धारण! पियर्सनं खिसा चाचपला तर याचा कागद गायब. थरथरत टेबलाशी गेला, बघतो तर अक्षर दुसऱ्याचं. बिऱ्हाडी पळत गेला, तेव्हा सकाळी काढून ठेवलेल्या कोटाच्या खिशात स्वतःचा कागद मिळाला."

"मग तो कागद कुणाचा होता?"

"शेवटपर्यंत कुणी पुढं आलं नाही. कोण येतंय वॉशिंग्टनपुढं! आणि हे सगळं गुपित त्यांच्यातलाच एक मॅडिसन रोज पुढच्या रांगेत बसून लिहून घेत होता. त्याच्या वह्या छापल्या 1840 ला. तोवर सगळे वारले होते, मॅडिसनसकट."

"आणि आपल्या न्यू जर्सीनं काय केलं तिथं?"

"भांडण! पॅटरसननं उभं राहून सांगितलं, माणसं मोजून मतं दिलीत तर आमच्यासारखी लहान राज्यं मेली. प्रत्येक राज्याला सारखं मत पाहिजे. महिनाभर खेचाखेच. शेवटी एका मतानं तडजोड झाली, खालच्या सभागृहात लोकसंख्येवर जागा, वरच्यात प्रत्येकाला दोन. सुनेला हा प्रश्न नक्की येणार, सेनेटर किती आणि का. मी तिला सांगितलंय, पॅटरसनच्या हट्टामुळं."

मग काकूंनी आवाज खाली आणला. गल्लीत ऐकायला कुणी नव्हतं, पण खास मुद्दा सांगताना त्यांचा आवाज आपोआप उतरतो.

"मी ती घटना सगळी वाचली गं. काँग्रेसला जे अधिकार दिलेत, त्यांतला सगळ्यात पहिला कुठला? कर बसवायचा आणि कर्ज फेडायचं. आणि सहाव्या कलमाची सुरुवातच अशी, की आधीच्या काळात काढलेलं सगळं कर्ज नव्या सरकारवर तसंच राहील. लोक वाचतात ती प्रस्तावना. 'आम्ही भारताचे लोक' हे आपल्याकडं ज्यावरून आलं, ती. मी आधी देणी कुठं लिहिलीत ते बघते. हे घर बांधलंच मुळी हप्ते भरता यावेत म्हणून."

"आणि गुलामांचं काय, काकू? ते पण हिशेबातच धरले ना?"

"धरले की. लोकसंख्या मोजताना पाच गुलामांचे तीन. मत त्यांना नाही, पण त्यांच्या नावावर मालकांच्या राज्याला जास्त जागा. गुलामांची आयात 1808 पर्यंत बंद करता येणार नाही हेही घातलं. आणि गुलाम हा शब्द मात्र पूर्ण कागदात एकदाही नाही. 'इतर व्यक्ती' म्हणे. वॉशिंग्टनबद्दल एरवी मला आदर आहे, पण एक गोष्ट कळल्यापासून उतरलाय. राजधानी फिलाडेल्फियाला असताना तिथला कायदा होता, बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिने राहिला की त्याला सुटका मागता येते. हा काय करायचा? सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर काढायचा आणि मग परत आणायचा. वॉशिंग्टनच्या बायकोची, मार्थाबाईंची दासी ओना जज, विशीतली पोर, तिला कळलं की आपल्याला बाईच्या नातीला लग्नात आंदण देणार आहेत. 1796 च्या मे महिन्यात घरची मंडळी जेवायला बसली आणि ही निघून गेली. जहाजानं न्यू हॅम्पशायर. वॉशिंग्टननं दहा डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली. का एवढी तगमग? ती बाईच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतली. हरवली तर इस्टेटीला भरपाई द्यावी लागणार. माणसाची नोंद खातेवहीत! पण ती सापडली तरी परत गेली नाही. 1848 ला मेली, न्यू हॅम्पशायरलाच."

दोघीही जरा गप्प झालो. मग मीच विषय बदलला. "काकू, तुम्हाला माहितीय, आपल्या न्यू जर्सीत तेव्हा बायकांना मत होतं?"

"वाचलं! 1776 ची घटना. पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या कुणाही रहिवाशाला मत. पुरुष असं लिहिलंच नाही. मग विधवा आणि बिनलग्नाच्या बायका जायच्या मत द्यायला. नवरेवालीच्या नावावर मालमत्ताच नसायची, म्हणून तिला नाही. काळ्या लोकांनाही होतं. आणि गेलं कशानं, तर कोर्टाची इमारत नेवार्कला बांधायची की एलिझाबेथला, यावर 1807 ला मतदान झालं. दोन्ही गावांनी एवढी बोगस मतं घातली, म्हणे पुरुष घागरे घालून दोन-दोनदा गेले. आणि शिक्षा कुणाला? बायकांना आणि काळ्यांना. त्याच वर्षी कायदा, फक्त गोऱ्या, कर भरणाऱ्या पुरुषांना मत."

"मग परत मिळालं थेट 1920 ला."

"हो. चोर सोडून संन्याशाला फाशी." काकूंनी कुंपणावरून हात घालून माझ्या रोपाची एक हिरवी मिरची तोडली, वास घेतला आणि पदराला बांधली. "बरं, वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला 1789 ला, आणि शपथेला न्यूयॉर्कला जायला खिशात पैसे नाहीत! जमीन ढीगभर, रोकड शून्य. अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याकडून पाचशे पौंड उसने घेतले, मग आणखी शंभर. इथून, आपल्या न्यू जर्सीतून गेला, गावोगाव कमानी, फुलं टाकणाऱ्या पोरी. कुणाला ठाऊक, हा उधारीवर चाललाय!"

"आणि त्यानं तिजोरी दिली हॅमिल्टनकडं."

"आला बघ एकदाचा. हुशार, देखणा, आईबापाविना वाढलेला पोरगा. 1790 च्या जानेवारीत त्यानं हिशेब मांडला : केंद्राचं देणं 5 कोटी 40 लाख डॉलर, राज्यांचं अडीच कोटी. म्हणाला, सगळं केंद्र घेईल आणि पूर्ण दर्शनी किमतीनं फेडेल. आता शिपायांनी पगाराच्या चिठ्ठ्या कधीच भुकेपोटी कवडीमोलानं विकल्या होत्या. बातमी फुटायच्या आत न्यूयॉर्कच्या सटोडियांनी दक्षिणेकडं वेगवान गलबतं पाठवली, राहिलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला. मॅडिसन म्हणाला, मूळ शिपायाला काहीतरी द्या. हॅमिल्टन म्हणाला, कागद ज्याच्या हातात, पैसे त्याचे. आणि इथं मला त्याचं पटतं, रोख्यावर विश्वास राहायला पाहिजे ना! पण जीव तुटतो."

"मग पास झालं?"

"एप्रिलमध्ये पडलं. व्हर्जिनिया म्हणाली, आमचं कर्ज आम्ही बरंचसं फेडलंय, दुसऱ्यांचं का भरू? मग ते प्रसिद्ध जेवण. जेफरसननं नंतर सांगितलं, वॉशिंग्टनच्या दाराशी हॅमिल्टन भेटला, तोंड उतरलेलं, कपडे विस्कटलेले. त्याला आणि मॅडिसनला जेवायला बोलावलं. जेफरसनचं स्वयंपाकघर सांभाळायचा जेम्स हेमिंग्स, पॅरिसमध्ये शिकून आलेला आचारी, आणि तोही गुलाम. ताटावर सौदा ठरला : कर्ज केंद्राकडं, बदल्यात राजधानी दक्षिणेकडं पोटोमॅकच्या काठावर. नदीकाठच्या दोघा व्हर्जिनियावाल्यांनी मत फिरवलं. वॉशिंग्टन शहर उभं राहिलं ते असं. आणि दोन वर्षांनी जेफरसन रडतोय, मला फसवलं म्हणून! तू बोलावलंस, तू वाढलंस, आणि फसवलं काय?"

"जेफरसनवर राग दिसतोय."

"कर्ज वाईट, कर्ज वाईट म्हणून जन्मभर व्याख्यानं दिली आणि मेला तेव्हा एक लाख डॉलरच्या वर देणं. फेडायला 1827 ला मोंटिसेलोवरची 130 माणसं लिलावाला काढली. त्या मानानं हॅमिल्टन बरा. कर्ज फेडायला दारूवर कर लावला, 1794 ला डोंगराकडच्या शेतकऱ्यांनी बंड केलं, वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून निघाला, फौज जवळजवळ 13 हजार. शेजच्या वेळी वर्गणी काढायला लागली, आता सरकारची स्वतःची फौज. बंडवाले पळाले, दोघांना फाशी झाली, ती वॉशिंग्टननं माफ केली. आणि निवृत्त झाल्यावर हाच वॉशिंग्टन माउंट व्हर्ननला दारू गाळायला लागला, 1799 ला 11 हजार गॅलन!"

"काकू, मघाशी लाज म्हणालात ती कुठली?"

"तीच सांगतेय. 1791 ला एक मारिया रेनॉल्ड्स त्याच्या घरी आली, नवऱ्यानं टाकलंय, मदत करा म्हणून. हा रात्री पैसे घेऊन तिच्या बिऱ्हाडी. पुढचं तू समज. नवरा आला, बोंब न मारता म्हणाला, हजार डॉलर द्या. दिले! वर नवरा म्हणतो, येत जा. 1792 च्या डिसेंबरात मनरो नावाचा एक पुढारी आणि आणखी दोघे पुराव्याची कागदं घेऊन आले, तिजोरीत घोटाळा केलास म्हणून. त्यानं स्पष्ट सांगितलं, तिजोरीला हात नाही लावला, भानगड मात्र आहे. ते गप्प राहिले. 1797 ला कॅलेंडर नावाच्या वर्तमानपत्रवाल्यानं ते छापलं, तर या शहाण्यानं स्वतःच 95 पानांचं पुस्तक काढलं, पत्रांसकट! हिशेब चोख आहेत हे सिद्ध करायला बायकोची अब्रू चव्हाट्यावर. वसुली खात्यात मी असले प्रामाणिक खूप पाहिले."

"आणि अ‍ॅरन बर, त्याचा वैरी?"

"तेच तर! त्या मारियाला नवऱ्यापासून घटस्फोट मिळवून देणारा वकील कोण? अ‍ॅरन बर. हॅमिल्टन मनरोशी द्वंद्व करायला निघाला, ते मिटवलं कुणी? अ‍ॅरननंच. मग 1800 ची निवडणूक. तेव्हा राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्ष वेगळं मत नव्हतं. जेफरसन आणि अ‍ॅरन दोघांना 73-73. अ‍ॅरन मागं हटेना. फेब्रुवारी 1801 मध्ये 36 वेळा मतदान झालं तेव्हा जेफरसन. हॅमिल्टननं पत्रावर पत्र लिहून सांगितलं होतं, जेफरसन चालेल, हा नको. पुढं 12 वी दुरुस्ती करून दोघांची मतं वेगळी केली. पण राग राहिला. 11 जुलै 1804, आपल्या इथं वीहॉकनला, नदीच्या काठावर, उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या अ‍ॅरननं हॅमिल्टनला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा थोरला मुलगा तीन वर्षं आधी असाच द्वंद्वात गेलेला. जगाच्या कर्जाचा हिशेब लावणारा माणूस, स्वतः देणं ठेवून गेला. मित्रांनी वर्गणी काढली."

"आणि अ‍ॅरनला शिक्षा?"

"दोन राज्यांत आरोपपत्र, आणि हा वॉशिंग्टन शहरात जाऊन सेनेटचा अध्यक्ष म्हणून बसला! न्यायाधीशाचा महाभियोग चालवला. पुढं जन्मभर भटकला, कर्जबाजारी. 1833 ला 77 व्या वर्षी एलायझा जुमेल नावाच्या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. तिचा पैसा जमिनीच्या सट्ट्यात घातला. वर्षभरात तिनं त्याला घराबाहेर काढलं आणि कोर्टात गेली. वकील कोण दिला असेल?"

"मला काय ठाऊक?"

"हॅमिल्टनचा मुलगा, अलेक्झांडर धाकटा! 14 सप्टेंबर 1836 ला घटस्फोट मंजूर झाला, आणि त्याच दिवशी अ‍ॅरन मेला. प्रिन्स्टनला पुरलाय, इथून तासाभराच्या आत."

"आणि तिचे पैसे?"

"बुडीत खाती," काकू म्हणाल्या. "त्याची वसुली नाही."